दवाखान्यातल्या खुर्च्या

"कारागीर आहेत का?" असं त्या माणसाने पायरीवरून विचारलं, आणि तिने पडद्यामागून डोकं बाहेर काढून "नाहीत" म्हणून सांगितलं. कधी येतील, तर म्हणाली, सांगता येत नाही, दवाखान्यात गेलेत. त्याच्या हातात एक खुर्ची होती. बसायची बाजू खचलेली, हातांवरचं रेक्झिन ओरबाडून निघालेलं. खुर्ची खाली न ठेवताच तो म्हणाला, "पुलाच्या अलीकडे दातांचा दवाखाना आहे ना, तिथला कंपाउंडर मी. अशा बऱ्याच आहेत. डॉक्टर म्हणतात, नव्या घेण्यापेक्षा ह्याच नीट करून घ्या. पण कारागीरच नाहीत म्हटल्यावर..." आणि वाक्य तसंच सोडून तो खुर्ची काखोटीला मारून निघून गेला. ती आत आली, अर्ध्यावर ठेवलेला सोफा पुढ्यात ओढला, दाभणात सुतळी ओवली, एक टाका घातला, दुसरा घातला आणि तिसऱ्याला सुतळी ओढता ओढता तिचा हात हवेतच थांबला. आपण काय बोललो हे तिला तेव्हा ऐकू आलं. कोपऱ्यातला पंखा घरघर करत होता. समोर सोफ्याची उघडी पाठ होती, तिच्यातला काथ्या तिच्या अंगावर, केसांत, पापण्यांवर उडाला होता, मांडीवर कात्री होती, आणि ती त्या माणसाला सांगून आली होती की कारागीर नाहीत.

खोटं बोललो असतो तर काही वाटलं नसतं, असं तिच्या मनात आलं. धंद्यात माणूस दिवसातून दहा वेळा खोटं बोलतो. उद्या नक्की देतो म्हणतो, कापड संपलंय म्हणतो. पण हे खोटं नव्हतं. तिला खरंच तसंच वाटलं होतं. त्याने विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला, तो समोरच्या स्टुलावर नव्हता, म्हणून नाहीत. स्वतःचं नाव त्या शब्दापाशी जाऊ शकतं हे तिला सुचलंच नाही. जीभ परस्पर बोलून मोकळी झाली, जशी घरी कुणी दार वाजवून "कोण आहे का घरात?" विचारलं की बाई आतून "कुणी नाही" म्हणते आणि पुन्हा भांडी घासायला लागते.

लग्न होऊन आली तेव्हा दुकान एवढंच होतं, फक्त पडदा नव्हता. पहिल्या महिन्यात सासू म्हणाली, घरी एकटी काय करशील, जा, बस जरा त्याच्याजवळ. ती जाऊन बसली. मग नवरा म्हणाला, धर. मग म्हणाला, ओढ. मग, सोड. दोनदोन अक्षरांतच तो सगळं बोलायचा आणि ती करायची. कापड धरायची, ताणून धरायची, खिळे हातात द्यायची. खिळे कधी तोंडात धरायला लागली हे तिला आठवत नव्हतं. नातेवाईक विचारायचे, सून काय करते, तर सासू सांगायची, दुकानात बसते. पुढे तीही सांगायला लागली, ह्यांच्या दुकानात असते. बसते, असते. इतकी वर्षं ह्या दोन शब्दांवर निघाली, आणि ते शब्द चुकीचे आहेत असं कुणालाच वाटलं नाही, तिलाही नाही. एकदा सोफ्याच्या हाताच्या गोलाईवर कापड बसेना. तिथेच तर सगळी मेख असते, कापड वळतं तिथे चुण्या पडतात, जास्त ओढलं तर फाटतं, कमी ओढलं तर पोतं दिसतं. नवऱ्याने तीनदा उसवून तीनदा मारलं आणि वैतागून चहाला निघून गेला. ती बसली होती. हात रिकामे होते म्हणून तिने कापड थोडं तिरकं धरलं, आतून दोन चिरा दिल्या, बोटाने दाबत दाबत वळवलं आणि टाचून टाकलं. तो आला. त्याने त्या वळणावरून अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि "हं" म्हणाला. त्या दिवसापासून कोपरे तिचे झाले. तसं कुणी ठरवलं नाही. तो कोपऱ्यापाशी आला की उठायचा आणि ती बसायची. हळूहळू कोपऱ्यांच्या मधलं सगळंही तिच्याकडे आलं. गिऱ्हाईक यायचं, सोफ्यावरून हात फिरवायचं, म्हणायचं, हात काय आहे हो तुमचा! तो म्हणायचा, हं. तेव्हा तिला आतून बरं वाटायचं. ते खोटं नव्हतं. पोराचं कौतुक बाप ऐकून घेत असला तरी आईला बरं वाटतंच की.

मग मागच्या थंडीत एका सकाळी त्याच्या हातातून हातोडी सुटली. दोघंही हसली. तो म्हणाला, हातोडीला झोप आली वाटतं. दुसऱ्या आठवड्यात कप सुटला. मग शर्टाची बटणं लावायला ती लागायला लागली. उजवा हात थरथरायचा, आणि थरथरत नसेल तेव्हा नुसताच मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. त्याने सांगितलं, मध्ये पडदा लाव. तिने लावला. तेव्हापासून तो पुढे स्टुलावर, हात खिशात घालून, आणि ती मागे. बोलणं त्याला पूर्वी जमायचं नाही, ते आता जमायला लागलं. कापडाचे नमुने डाव्या हाताने उलटत तो गिऱ्हाइकाला हसवायचा. कुणी म्हणालं, एकटेच करता का सगळं, तर म्हणायचा, छे, माझा उजवा हात आत बसलाय ना. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, कुणी हुशार पोरगा ठेवलाय कामाला. पडद्याआड ती दाभण ओढत असायची आणि दर वेळी, सवयीने, थोडी हसायची. आज सकाळी तिला ते हसणं आठवलं आणि तिने दाभण सोफ्यात टोचून ठेवलं.

शेजारचा चावीवाला चहाचे दोन ग्लास घेऊन आला. दुकानाच्या भिंतीला टेकून एक टपरी, तीत तो, त्याची कानस आणि टांगलेल्या शेकडो चाव्या. वीस वर्षं तो तिला वहिनी म्हणत आला होता. "तो खुर्चीवाला माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "दुसरा कारागीर कुठं मिळेल म्हणत होता. मी म्हटलं, थांबा, येतील दुपारपर्यंत. नाही थांबला." चहाचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "तसं मीही फार ताणलं नाही. दादांनी दुकान द्यायचं ठरवलंय म्हटल्यावर उगाच नवं काम कशाला घ्यायला लावा?"

"कुणाला द्यायचं ठरवलंय?"

चावीवाल्याने ग्लास खाली ठेवला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला, वहिनी. तो मोबाइलची कव्हरं विकतो ना, कोपऱ्यावरचा. त्याला."

"हो हो," ती म्हणाली. "माहीत आहे. महिनाअखेरीला ना?"

"हं." तो उठला. त्याला तिच्याकडे बघवेना. "आपलं काय, वहिनी, हातावर पोट. हात आहे तोवर दुकान." असं म्हणून तो गेला, आणि बाहेर जाऊन त्याने बहुतेक स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला असेल, कारण कानशीचा आवाज बऱ्याच वेळाने सुरू झाला.

तिला राग आला नाही. राग यायला थोडी ताकद लागते. जुन्या सोफ्यावर माणूस बसतो, वरून सगळं ठाकठीक दिसतं, पण आतली स्प्रिंग गेलेली असते आणि माणूस वाटलं होतं त्यापेक्षा हातभर खाली जातो, तसं काहीतरी झालं. ती बसल्या जागी खाली गेली. दुकान द्यायचं ठरलं होतं. म्हणजे तो रोज सकाळी तिच्याबरोबर कुलूप काढत होता, तिने घडी केलेलं कापड बघत होता, आणि त्याच्या पोटात हे होतं. परवा तो आपणहून म्हणाला होता, आता करणार कोण हे सगळं? ती तेव्हा पडद्याआड करतच होती, म्हणून तिला वाटलं, हाताच्या दुखण्याने बोलतोय. तिने भिंतीकडे पाहिलं. सुतळीचे गुंडे, काथ्याचं पोतं, फोमचे तुकडे, धार गेलेल्या कात्र्या, तिच्या उंचीवर मारलेला खिळा. मोबाइलवाला हे सगळं काढून काचेचं कपाट लावील. चांगलं दिसेल. दिवे लावील. आणि आपण? आपण घरी. कुणी विचारलं तर आता 'असते' म्हणायलाही जागा उरणार नाही. पण ह्या विचाराच्या खालीच, लाजिरवाणा, दुसराही एक विचार होता, आणि तो तिला दिसला. मान मोडून येते, डोळ्यांना धार लागते, रात्री बोटं मिटत नाहीत. सुटलो असतो की आपण. घरी पडून राहिलो असतो. हे दोन्ही खरं होतं, आणि त्यातलं नेमकं काय हवंय हे तिला सांगता आलं नसतं. तिने सुतळीला गाठ मारली, कात्री पिशवीत टाकली आणि उठून शटर ओढलं. भर दिवसा, एकटीने, कधी ओढलं नव्हतं. ते खाली येताना एवढं वाजलं की टपरीतल्या चाव्या हलल्या.

दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत माणसं बसली होती. तीही एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. आतून बारीक, शिट्टीसारखा आवाज यायचा आणि सगळे एकदम जमिनीकडे बघायचे. शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते, आणि आवाज वाढला की त्यांची नखं रेक्झिनमध्ये रुतत होती. तेव्हा तिला कळलं की खुर्च्यांचे हात असे का ओरबाडलेत. वर्षानुवर्षं माणसं इथे येऊन घाबरली होती. तिने आपल्या खुर्चीच्या कडेखाली बोटं घातली. आत काथ्या नव्हताच, चिंध्या भरल्या होत्या. पट्टे ढिले. सांगाडा मात्र चांगला, जुन्या लाकडाचा. बोटं आपलं आपलं काम करत होती आणि ती दुसऱ्या कुणाचं तरी बघावं तसं बघत होती.

कंपाउंडर बाहेर आला. "कोणता दात?"

"दात नाही. सकाळी तुम्ही दुकानात आला होतात. खुर्च्यांसाठी."

त्याने ओळखलं. "आले का कारागीर?"

"ते नाही येणार. त्यांचा हात गेलाय." हे वाक्य ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती, आणि तेही परक्या माणसापुढे, दहा जणांच्या देखत. "काम मीच करते. बऱ्याच वर्षांपासून."

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"सुचलं नाही," ती म्हणाली.

जाडजूड गृहस्थ मान वळवून तिच्याकडे बघायला लागले, बहुधा आतला आवाज विसरायला बरं म्हणून. कंपाउंडर घुटमळला. वाईट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता, सकाळपासून खुर्ची घेऊन हिंडला होता आणि त्याबद्दल आतून बोलणीही खाल्ली असावीत. "बाई, मला डॉक्टरांना सांगायला लागतं," तो म्हणाला. "असं करा, एक खुर्ची घेऊन जा. करून आणा. पसंत पडली तर बाकीच्या बघू. पण ह्या एकीचं वेगळं काही मागू नका, नमुना म्हणून." ती बरं म्हणाली. नवरा असता तर तो बरं म्हणाला नसता. त्याच्याकडे नमुना कुणी मागितला नसता.

खुर्ची तिने आधी काखेत धरली, मग डोक्यावर घेतली. पाय वर, पाठ मागे. ऊन कलायला लागलं होतं. बाजाराच्या रस्त्याला गर्दी होती आणि खुर्चीचे पाय लोकांना लागू नयेत म्हणून ती कडेकडेने चालली. अर्ध्या वाटेवर मान भरून आली. तिने खुर्ची पदपथावर ठेवली, श्वास घेतला, आणि उभं राहून काय करायचं म्हणून तिच्यावरच बसली. औषधाच्या दुकानाची भिंत पाठीशी, पुढे रस्ता. लोक तिच्याकडे बघत, मग खुर्चीकडे, मग पुढे जात. कुणी उठ म्हणालं नाही. बसल्यावर तिला कळलं की आपण किती दमलोय. आजचं नव्हतं ते दमणं. तळव्यांतून काहीतरी खाली, जमिनीत, गळत चाललं होतं. तिला वाटलं, आपण आयुष्यभर लोकांच्या बसायच्या जागा केल्या, आणि घरी मात्र एक चटई आणि दोन स्टुलं. ह्यावर नवरा हसला असता. तो पूर्वी फार हसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका श्रीमंत घरचा सोफा दुकानात होता, संध्याकाळी शटर अर्धं ओढून त्याने तिला त्यावर बसवलं, स्वतः समोर खाली बसला आणि म्हणाला, बोला बाईसाहेब, चहा की कॉफी? ती अवघडून काठावर बसली होती, डाग पडेल म्हणून. तो माणूस आणि तिला न विचारता दुकान देऊन टाकणारा माणूस एकच होता.

"आई?"

मुलगा होता. पाठीवर ती मोठी चौकोनी पिशवी, एक पाय रस्त्यावर टेकवून मोटरसायकलवर. पदवी घेऊन झाल्यावर सहा-आठ महिने घरी बसला, मग हे धरलं. लोकांची जेवणं लोकांच्या दारात पोचवायची. तिने एकदा त्याला विचारलं होतं, तुझा मालक कोण? तो म्हणाला होता, कुणी नाही, फोन.

"इथे का बसलीस अशी? आणि हे काय?"

"दवाखान्याची खुर्ची. काम आहे." सकाळी बापाला डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता. मग तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मुलाने हेल्मेटची काच वर केली. "परत येणार नाही म्हणाले. होतं तेवढं टिकवायचं. गोळ्या दिल्यात." थोडं थांबून तो म्हणाला, "बाबा मग तिथूनच एका इमारतीत जाऊन आले. गेटवर बसायचं काम आहे. त्याला हात लागत नाही फारसा. ठरलंय बहुतेक."

"तुला माहीत होतं? दुकानाचं?"

त्याने हेल्मेटचा पट्टा चाचपला. म्हणजे माहीत होतं. "ते म्हणाले, मी सांगतो आईला," तो म्हणाला. "आई, आता तू जरा आराम कर ना. किती मदत केलीस त्यांना इतकी वर्षं."

ती काहीतरी बोलणार होती. मदत ह्या शब्दावरच बोलणार होती. पण त्याचा फोन वाजला, एकदा, दोनदा, आणि त्याचा चेहरा लगेच बदलला, जसा आतल्या खोलीतला आवाज वाढल्यावर त्या गृहस्थांचा बदलला होता. त्याने फोनकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पाठीवरच्या पिशवीकडे हात नेला. "ही मागे बांधता येईल का बघतो—" तो म्हणाला, आणि फोन परत वाजला. "जा तू," ती म्हणाली. "उशीर झाला तर तुझंच नुकसान." तो गेला. पार वळणापर्यंत मागे बघत गेला, आणि तिला भीती वाटली की असं मागे बघत कुठेतरी धडकेल.

दुकानाच्या पायरीवर नवरा बसला होता. किल्ली तिच्याजवळ. तिच्या डोक्यावरची खुर्ची पाहून तो उठला, डाव्या हाताने ती उतरवून घेतली आणि पायरीवर ठेवली. चावीवाल्याने त्याच्या टपरीचा पत्रा जरा लवकरच ओढून घेतला.

"शटर बंद करून कुठे गेली होतीस?"

"काम आणायला." मग ती म्हणाली, "दुकान दिलंत?"

तो खुर्चीच्या ओरबाडलेल्या हाताकडे बघत राहिला. "शब्द दिलाय."

"मला विचारलं नाहीत."

"तुला काय विचारायचं? तू नाहीच म्हणाली असतीस." तो खाली बसला. ती उभीच होती. "अगं, तू दमलीयेस. मला दिसतं ना. मी पुढे बसून नुसत्या गप्पा मारतो आणि आतून तुझ्या कण्हण्याचा आवाज येतो. तुला वाटतं, मला ऐकू येत नाही? दिवसभर ऐकतो मी ते. म्हटलं, सुटेल बिचारी."

ती भांडायची तयारी करून आली होती, आणि त्याने दयाच पुढे केली. तीही खरी. "मग एकदा तरी कुणाला सांगायचं होतंत," ती म्हणाली, "की काम ही करते म्हणून. पोरालासुद्धा वाटतं, मी मदत करत होते."

"सांगितलं असतं तर भाव निम्म्यावर आला असता. बाईने केलंय म्हटल्यावर लोक काय देतात, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. आज नमुना फुकटात करायला घेऊन आलेय."

तो हसला नाही. तीही नाही. रस्त्यावरून माणसं घरी चालली होती. तो म्हणाला, "शब्द मागे घेता येत नाही आता. त्या मोबाइलवाल्याने जागामालकाशीही बोलणं केलंय. जागा काही आपली नव्हतीच कधी."

"जागा नव्हती," ती म्हणाली. "सामान आहे. शिलाई मशीन आहे. ते कुणाला देऊ नका." आणि तिने शटर वर केलं, खुर्ची आत नेली आणि उजेड होता तोवर चिंध्या उपसून काढल्या. तो बाहेरच बसून राहिला. मध्ये एकदा आत आला, डाव्या हाताने खुर्चीचा पाय दाबून धरला, ती पट्टे ताणेपर्यंत, आणि पट्टे ठोकून झाल्यावर परत बाहेर जाऊन बसला.

खुर्ची पसंत पडली. म्हणजे कुणी वा म्हणालं नाही, कंपाउंडरने तिच्यावर दोनदा बसून पाहिलं आणि बाकीच्या कधी देता म्हणाला. तोवर महिना संपला होता आणि दुकानात काचेचं कपाट आलं होतं. घरात एवढ्या खुर्च्या मावेनात, म्हणून तिने दवाखान्याच्या मागच्या पडवीत बसून काम करायचं ठरवलं. मशीन हातगाडीवरून आणलं. तिथे वारा यायचा, पण आतला तो शिट्टीसारखा आवाज दिवसभर कानांवर पडायचा. पहिले काही दिवस तो वाजला की तिचे खांदे आखडायचे, पुढे त्याचीही सवय झाली. कंपाउंडर येता-जाता विचारपूस करायचा, बाई ही खुर्ची आधी करा, बाई ती राहू द्या. एकदा त्याच्या ओळखीचा कुणीतरी आला, केस कापायचं दुकान असलेला, आणि ती करत असलेल्या खुर्चीपाशी उकिडवा बसून त्याने विचारलं, आमच्याकडे येऊन कराल का? ती बरं म्हणाली. त्यापुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. दुकान होतं तेव्हाही उद्याचं माहीत नसायचं, पण दुकानामुळे माहीत असल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या दिवशी काम आटोपत आलं होतं, तेव्हा डॉक्टरीणबाई मागच्या दारात आल्या. तरुण होत्या, तिच्या मुलापेक्षा थोड्याच मोठ्या. त्या बाहेर कशाला आल्या होत्या कुणास ठाऊक, मोकळ्या हवेत जरा उभं राहायला असतील. तिने शेवटचा टाका घातला आणि दोरा तोंडाशी नेऊन तोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, जरा आत या बरं." आतल्या मोठ्या खुर्चीवर, दिव्याखाली, ती आयुष्यात पहिल्यांदाच आडवी झाली. खुर्ची फार चांगली होती. तिला त्या खुर्चीचं शिवणकाम बघायचं होतं, पण तोंड उघडं ठेवायला लागलं. "ही बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या हातात छोटा आरसा दिला. वरच्या पुढच्या दाताला, मधोमध, बारीक खाच होती, दोरा बसेल एवढी. "रोज दोरा तोडून तोडून झालीय. वर्षं लागतात अशी खाच पडायला. आता कात्री वापरा, नाहीतर दात चिरेल." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलवायला सांगितलं. ती थोडा वेळ आरसा धरून राहिली. कंपाउंडरने तो तिच्या हातातून काढून घेतला, धुवायला.

तिथून नवऱ्याला दुपारचा डबा द्यायला ती त्या इमारतीवर गेली. गेटाशी पत्र्याची खोली, तीत एक स्टूल, बाहेर सावलीला दुसरं. त्याच्या अंगावर निळा गणवेश, खांदे सैल, तिने दोन्ही बाजूंनी आत घेऊनही सैलच. उजवा हात खिशात. ती दुसऱ्या स्टुलावर बसली, वाटेत सगळा वेळ जिभेने तो दात चाचपत आली होती, आताही चाचपत होती.

"काय झालं? दात दुखतोय?"

"नाही. खाच आहे म्हणे. दोऱ्याची." तिने ओठ वर करून दाखवला.

तो वाकून बघितल्यासारखं करून म्हणाला, "ती होय. ती तर किती वर्षांची आहे."

"तुम्हाला माहीत होती?"

"तू हसलीस की दिसते ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं." तो जरा ओशाळला. मग त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी येत नव्हतं. डाव्या हाताच्या बोटाने त्याने आपला ओठ बाजूला ओढला आणि तोंड तिच्यासमोर धरलं. "इथे बघ. मला पण आहे. तुझ्याआधीची."

तिने स्टूल पुढे सरकवलं आणि बघितलं. उजेड नीट पडत नव्हता, म्हणून तिने त्याची हनुवटी धरून तोंड जरा सूर्याकडे फिरवलं. सुळ्याशेजारच्या दाताला होती, चांगली खोल, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिने अंगठा त्यावरून फिरवला. तो तसाच, तोंड उघडं टाकून, डोळे मिटून बसून राहिला. गेटाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो ताडकन उठला, तोंड पुसलं, आणि डाव्या हाताने गेट ओढायला लागला. गाडी आत जाईपर्यंत ती डबा मांडीवर घेऊन त्याच्या परत येण्याची वाट बघत बसली.